पायोनियर एसएक्स-७८०: रिले, एसटीके आणि बाकीची भानगड

६ जानेवारी २०१९, रविवार

सेट घरी आला. पायोनियर एसएक्स-७८०. ट्यूनर, प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात, म्हणजे ज्याला त्या काळात स्टिरिओ रिसीव्हर म्हणत तो. विकणारं कुटुंब मूळचं कोकणातल्या खेडकडचं, आता कोंढव्यात. आजोबा सौदीतल्या दमामला नोकरीला होते, सुट्टीवर येताना हा घेऊन आले. नातू म्हणाला, "ताई, लाइट लागते, आवाज येत नाही. मेकॅनिक म्हणाला रिले गेलाय, दोनशे रुपयांचं काम आहे." (रिले म्हणजे स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच.) दोनशेचं काम असतं तर त्याने करूनच विकला असता, पण हे मनात. मागितले बारा हजार, ठरले साडेआठ.

बंद सेटला साडेआठ हजार कशाला, असं घरी विचारलं गेलंच. माझं गणित असं: ट्रान्झिस्टर, कॅपॅसिटर, रिले आजही मिळतात. डायलची काच, ॲल्युमिनियमचे नॉब, मीटरच्या सुया मिळत नाहीत. ह्या सेटची काच अखंड आहे, नॉब सगळे मूळचे आहेत, मीटरच्या सुया सरळ आहेत. मागच्या बाजूला कोणी ड्रिल मारून जास्तीची सॉकेटं बसवलेली नाहीत. आतलं काहीही बिघडलेलं चालेल, बाहेरचं नको.

प्लग लावायच्या आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहिला. सौदीत त्या काळात घरगुती वीज १२७ व्होल्टची असायची, त्यामुळे तिथून आलेल्या सेटचा सिलेक्टर खालच्या आकड्यावर राहिलेला असू शकतो, आणि तसाच आपल्या २३०वर लावला तर ट्रान्सफॉर्मरचं भजं. हा २४०वर होता. आजोबा जाणकार असावेत.

आज लावला नाही. नुसता टेबलावर ठेवला आणि ओल्या फडक्याने पुसला.

७ जानेवारी, सोमवार

ऑफिसनंतर सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स काढून आणली, मोठ्या कागदावर. सर्किटचा नकाशा ए-४ वर वाचायचा म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

हा सेट १९७८च्या मालिकेतला. धाकटा एसएक्स-५८० चॅनलमागे २० वॉटचा, मग ६८० तीस वॉटचा, ७८० पंचेचाळीस वॉटचा, आणि वर चढत चढत एसएक्स-१९८० थेट २७० वॉटचा. जपानी कंपन्यांत वॉटची जी चढाओढ लागली होती तिचं हे टोक. पण हे वॉट खरे आहेत. अमेरिकेत १९७४ला व्यापार आयोगाने नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद सांगायची तर दोन्ही चॅनल एकदम चालवून, किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्यापर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला, हे सगळं सांगायचं. म्हणून इथे "४५ वॉट, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०५ टक्के" असं लांबलचक लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या दुकानात प्लास्टिकच्या होम थिएटरवर जे "५००० वॉट पीएमपीओ"चं स्टिकर असतं त्याच्याशी ह्याची तुलना करू नये. त्या ५०००चा अर्थ ते छापणाऱ्यालाही विचारू नये.

७८०मध्ये एक खास गोष्ट आहे, आणि पुढची सगळी भानगड तिच्याभोवती फिरणार हे नकाशा बघताच कळलं. ह्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर सुटे नाहीत. दोन्ही चॅनलला एकेक एसटीके-००५० आहे. सान्योने बनवलेलं हे पाकीट: ॲल्युमिनियमच्या पाटीवर ड्रायव्हर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर एकत्र बसवलेले, वरून काळं झाकण, खाली पायांची रांग. एसटीके म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही रेडिओ मेकॅनिकचे डोळे चमकतात. गणपतीच्या मंडपापासून टेम्पोतल्या डेकपर्यंत एक पिढी एसटीके-४१४१वर वाजली आहे. पण ४१४१ हा पूर्ण ॲम्प्लिफायर आहे आणि ००५० फक्त त्याचा शेवटचा टप्पा. पुढचं नाजूक काम ७८०मध्ये बोर्डवरच्या सुट्या ट्रान्झिस्टरांकडे आहे. हा फरक पुढे कामाला येईल.

१० जानेवारी, गुरुवार

वीज नाही. गुरुवारच तो, पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. साफसफाई.

वरचं लाकडी खोकं आणि खालचा पत्रा काढला. आत धुळीचा थर, त्यात वाळू, आणि कोपऱ्यात कुठल्याशा किड्याने केलेलं मातीचं घर. मऊ ब्रशने आणि सायकलच्या पंपाने काढलं. व्हॅक्यूम क्लीनर मी बोर्डजवळ नेत नाही, स्थिर विजेचा भरवसा नाही.

डोळ्यांना दिसलेलं: फ्यूज सगळे शाबूत. रेग्युलेटरच्या (पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या) ट्रान्झिस्टरभोवती बोर्ड तपकिरी पडलाय, चाळीस वर्षांची उष्णता. मोठे दोन फिल्टर कॅपॅसिटर वरून सपाट, फुगलेले नाहीत. त्यांच्या बुडाशी पिवळट चिकट पदार्थ आहे, पण तो कारखान्यातला गोंद आहे, गळती नव्हे. बरेच जण हा गोंद पाहून घाबरतात आणि चांगले कॅपॅसिटर उपटून टाकतात. आधीच्या मेकॅनिकने रिलेचं झाकण उघडून कॉन्टॅक्टवर सॅंडपेपर मारलेला दिसतो. कॉन्टॅक्टवरचा मुलामा खरवडला जातो त्याने. सॅंडपेपर लावायचाच नसतो तिथे.

बाकी कोणी हात लावलेला नाही. सगळं सोल्डरिंग मूळचं. ही सगळ्यांत आनंदाची बातमी. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती शोधत बसण्यापेक्षा बिघाड शोधणं सोपं.

१३ जानेवारी, रविवार

पहिला करंट. सिरीज बोर्डवरून.

इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच हा बोर्ड: फेज वायरीत १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब, आणि त्याच्यामागे सेट. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. शॉर्ट नसेल तर कॅपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर उजळतो आणि मग लालसर होऊन बसतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच लागतो, आणि तो आता किराणा दुकानात मिळेनासा झालाय. दिसला की मी दोन-तीन घेऊन ठेवते.

स्पीकर जोडलेले नाहीत. ह्या टप्प्यावर कधीच जोडायचे नाहीत. स्विच दाबला, बल्ब उजळला आणि मंद झाला. डायल उबदार पिवळा पेटला. उजव्या पॉवर मीटरचा दिवा गेलेला. रिलेचा "टक" आला नाही. निरोगी सेटमध्ये चार-पाच सेकंदांनी तो येतो.

इथे थांबून रिलेबद्दल लिहून ठेवते, कारण "रिले गेलाय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. रिले हा रखवालदार आहे. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर संगीताऐवजी डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, आला तर तो स्पीकरच्या कॉइलमधून सरळ वाहतो आणि कॉइल जाळतो. म्हणून प्रोटेक्शनचं सर्किट आउटपुटवर नजर ठेवतं, आणि एखाद-दोन व्होल्टच्या वर डीसी दिसला की रिले जोडतच नाही. रिले लागत नाही ह्याचा अर्थ बहुतेक वेळा रिले नीट काम करतोय. नवा रिले टाकून काही होत नाही, आणि चिडून रिलेच्या दोन टोकांना वायरीने जोडणारे महाभागही असतात. त्यांचे स्पीकर पाच मिनिटांत जातात.

तर मोजमाप. बल्ब तसाच ठेवून मल्टिमीटरची काळी पिन चॅसीला क्लिपने लावली, एक हात मागे.

मुख्य पुरवठा: अधिक आणि उणे दोन्ही पस्तीस-चाळीसच्या मधे, आणि एकमेकांच्या जवळ. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, फिल्टर ठीक. त्यांच्यावरचा एसी मोजला, नगण्य. फिल्टर कॅपॅसिटर बदलायची गरज नाही.

डावा चॅनल, रिलेच्या आधी: ९ मिलिव्होल्ट. उत्तम.

उजवा चॅनल, रिलेच्या आधी: ३.४ व्होल्ट.

सापडला. निदान गल्ली तरी सापडली.

आणि हा आकडाच सांगतो की एसटीके गेलेला नाही. एसटीकेच्या आत आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असता तर आउटपुट एका बाजूच्या पुरवठ्याला जाऊन चिकटला असता, म्हणजे पस्तीसच्या वर, आणि बल्ब मंद झालाच नसता. साडेतीन व्होल्ट म्हणजे शेवटचा टप्पा हुकूम पाळतोय, हुकूमच चुकीचा येतोय.

ताळ्यासाठी सेट बंद केला, मोठे कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे केले (स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची पद्धत मला मान्य नाही), आणि दोन्ही एसटीकेच्या प्रत्येक पायाची आउटपुटशी ओहममध्ये तुलना केली. डावा-उजवा जवळजवळ सारखे.

ट्यूनरही मुका आहे. एफएमवर सिग्नल मीटर कुठेच हलत नाही. तो वेगळा आजार असणार. आधी एक.

१६ जानेवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत बुधवार पेठ, तपकीर गल्ली. डिसोल्डर विक, फ्लक्स, कॉन्टॅक्ट क्लीनर घेतलं. दुकानातल्या काकांना सहज विचारलं, पायोनियरचा ७८०, प्रोटेक्शनमध्ये आहे. त्यांनी नकाशा बघायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, एसटीके गेला. दोन्ही बदला, एक बदलला तर दुसरा जातो." आणि डब्यातून एक ००५० काढून दाखवला. काळ्या झाकणावर पांढरी शुभ्र ताजी अक्षरं, मागची पाटी पातळ, एका कोपऱ्यात कानस मारल्याच्या खुणा. सान्योने हे बनवणं कधीच बंद केलं, त्यांचा सेमीकंडक्टरचा धंदाच २०११मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. तरी डब्यात नवाकोरा माल आहे म्हणजे काय ते उघड आहे. हलक्या पाकिटाला वेगळं नाव छापून विकायचं, हा जगभरचा धंदा आहे. एसटीकेच्या बाबतीत तर फारच.

खऱ्या चाळीस वर्षं चाललेल्या एसटीकेला काढून त्याच्या जागी हे बसवायचं? नमस्कार केला आणि निघाले. काका वाईट नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या दहांतल्या सातांचा एसटीके खरंच गेलेला असतो. पण मोजल्याशिवाय नाही.

१७ जानेवारी, गुरुवार

रात्री दिवे आल्यावर तासभर उजव्या चॅनलवर.

एसटीकेला हुकूम देणारा बोर्ड छोटाच आहे. सुरुवातीला ट्रान्झिस्टरांची जोडी, डिफरन्शियल म्हणतात ती. एकीच्या बेसवर (ज्या पायावर हुकूम येतो तो) आत येणारा सिग्नल, दुसरीच्या बेसवर आउटपुटमधून परत आणलेला थोडासा भाग. दोन्ही तराजूच्या पारड्यांसारख्या, फरक पडला की पुढचं सर्किट तो भरून काढतं आणि आउटपुट शून्यावर येऊन थांबतं. त्यातली एक जरी गळायला लागली तर शून्यच सरकतं.

डाव्या चॅनलमध्ये जोडीतल्या दोघींचा बेस आणि एमिटर ह्या पायांमधला ड्रॉप ०.६ व्होल्टच्या आसपास, दोघींचा सारखा. उजवीकडे एकीचा तेवढाच, दुसरीचा बराच कमी. तिच्या पायांकडे भिंग लावून पाहिलं तर पाय काळे. ह्या काळातल्या जपानी ट्रान्झिस्टरांच्या पायांवर चांदीचा मुलामा असे. हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो आणि कधी कधी तो काळेपणा पायावरून चढत आतपर्यंत जातो. दमाम काय आणि खेड काय, दोन्हीकडे समुद्राची दमट हवा.

जोडी बदलायची तर दोन्ही एकत्र, आणि मोजून जुळवलेल्या. पुण्यात मिळतील, पण खात्रीचे नाहीत. शनिवारी मुंबई.

१९ जानेवारी, शनिवार

सकाळच्या गाडीने दादर, तिथून ग्रँट रोड, पायी लॅमिंग्टन रोड. डॉ. भडकमकर मार्ग असं पाटीवर लिहिलंय, पण ते फक्त टपालासाठी. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून शनिवार.

यादी, ट्रान्झिस्टरांच्या दोन जातींची: पीएनपीसाठी केएसए९९२, एनपीएनसाठी केएससी१८४५, प्रत्येकी पंचवीस. हे दोघं त्या काळच्या कुरकुरणाऱ्या ट्रान्झिस्टरांना आजचा सर्वांत सोपा पर्याय. आवाज कमी, व्होल्टेज भरपूर झेलतात, आणि पायांचा क्रम एमिटर-कलेक्टर-बेस, जो जुन्या जपानी मालाचा. बीसी५४७ फुकट मिळतो म्हणून तो लावायला जाल तर त्याच्या पायांचा क्रम वेगळा आहे, पाय वाकवून बसवावे लागतात, आणि तेवढी व्होल्टेजही तो झेलत नाही. पंचवीस घेतले कारण जुळणारी जोडी निघायला ढिगातून निवडायला लागतं.

शिवाय काही इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर, १०५ अंशांचे. सगळे बदलणार नाही. "रिकॅप" नावाची एक साथ आहे: सेट हातात आला की एका बैठकीत शंभर कॅपॅसिटर उपटायचे. मग सेट चालला तर कशाने चालला ते कळत नाही, आणि नाही चालला तर जुना बिघाड की नवा, तेही कळत नाही. चाळीस वर्षांचे कॅपॅसिटर बदलायला माझी हरकत नाही. पण आधी सेट चालू, मग बदल, तोही एका बोर्डाचा एका वेळी.

दोन डायलचे दिवेही हवे होते, फ्यूजसारखे काचनळीचे. एकच मिळाला, मीटरचा नाही. "एलईडी लावा ना" असं सगळीकडे ऐकलं. एलईडी थंड चालतो, टिकतो, पण ह्या डायलमागचे रंग तारेच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडासाठी निवडलेले आहेत. त्यात पांढरा झगझगीत एलईडी लावला की सेट औषधाच्या दुकानासारखा दिसतो.

२० जानेवारी, रविवार

पंचवीसांतून परीक्षकावर (ट्रान्झिस्टर टेस्टरवर) गेन, म्हणजे किती पट मोठं करतो ते, मोजून पाच टक्क्यांच्या आत जुळणारी जोडी निवडली. जुनी जोडी काढली. इथे घाई केली तर बोर्डवरची तांब्याची पट्टी उचलली जाते. जुन्या फिनॉलिक बोर्डची पकड मुळात कमी, आणि उष्णतेने अजून कमी. फ्लक्स, विक, दोन-तीन सेकंदच गरम, मग थांबायचं.

काढलेली दोन्ही परीक्षकावर लावली. एक ठणठणीत. दुसरीची गळती एवढी की परीक्षकाने तिला ट्रान्झिस्टर म्हणून ओळखलंच नाही.

नवी जोडी, उंची सारखी, एकमेकींना चिकटवून, म्हणजे दोघींचं तापमान सारखं राहील. सिरीज बोर्ड, स्विच.

उजवा चॅनल: १४ मिलिव्होल्ट.

आणि चार सेकंदांनी "टक".

२७ जानेवारी, रविवार

ट्यूनर. एफएम मुका, एएमही मुका, म्हणजे दोघांना समान असलेलं काहीतरी. नकाशावर दोघांना एकाच रेग्युलेटरमधून पुरवठा आहे. तिथे बारा-तेरा व्होल्ट हवेत, आणि मल्टिमीटरवर जेमतेम एक. रेग्युलेटरच्या आधी पुरवठा आहे, नंतर नाही.

तपकिरी पडलेला बोर्डचा भाग तोच. ट्रान्झिस्टर काढून तपासला, चांगला. बोर्ड उलटा करून तिरप्या उजेडात भिंगातून पाहिलं तर त्याच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग. ड्राय सोल्डर. रोज गरम होणार, रोज थंड होणार, पाय थोडा वर-खाली सरकणार. जुनं सोल्डर पूर्ण शोषून काढलं, पाय खरवडला, नवं भरलं. ट्रान्झिस्टर बोर्डपासून थोडा उंच बसवला म्हणजे खालून हवा जाईल. शेजारचे दोन छोटे इलेक्ट्रोलायटिक ह्या उष्णतेत वर्षानुवर्षं शिजले होते, ईएसआर मीटरवर (कॅपॅसिटरचा आतला विरोध मोजतो तो) खराब, तेही बदलले.

पुरवठा आला. ट्यूनिंगचा नॉब फिरवताच सिग्नल मीटरची सुई उठली.

त्या आजोबांच्या काळात ही एफएमची पट्टी इथे जवळपास शोभेचीच होती. भारतात एफएमची सुरुवात १९७७ला मद्रासला झाली. खाजगी स्टेशनं यायला २००१ उजाडलं. दमाममध्ये ही सुई बरीच फिरली असेल. खेडला मात्र मिडियम वेव्ह.

३ फेब्रुवारी, रविवार

नॉब आणि स्विच. प्रत्येक पॉटमध्ये (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनरची एक फवारणी, नंतर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवणं. व्हॉल्यूमची खरखर गेली. बॅलन्सची गेली. टेप मॉनिटरच्या स्विचमध्ये डावा चॅनल मधेच गायब होत होता, तोही आला. कंटाळवाणं काम आहे, पण जुन्या सेटमध्ये "एक चॅनल येत नाही" ह्या तक्रारीचं मूळ निम्म्या वेळा इथेच असतं.

रिलेचे सॅंडपेपर मारलेले कॉन्टॅक्ट मनाला पटत नव्हते. कमी आवाजात उजवीकडे किंचित फाटल्यासारखं येत होतं, आवाज वाढवला की साफ. ही खराब कॉन्टॅक्टची जुनी खूण. त्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले बसवला. म्हणजे मेकॅनिकचा रिले शेवटी बदललाच, पण मेकॅनिकने बिघडवला म्हणून.

मग भार. ८ ओहमचे ॲल्युमिनियमच्या अंगाचे रेझिस्टर पंख्यासमोर, फोनमधून ४०० हर्ट्झचा सूर ऑक्झिलरीला. ४०० का, तर साधा मल्टिमीटर त्याहून बऱ्याच उंच सुरांचा एसी नीट मोजत नाही. ४५ वॉटला ८ ओहमवर हिशोबाने १९ व्होल्ट यायला हवेत. ऑसिलोस्कोप नाही, लाट कुठे कापली जाते ते दिसणार नाही, म्हणून १७ व्होल्टला थांबले, म्हणजे ३६ वॉट, दोन्ही चॅनल एकदम. अर्धा तास ठेवलं. हीटसिंकला हात लावता येत होता. ऑफसेट, म्हणजे रिलेच्या आधीचा डीसी, दोन्हीकडे वीस मिलिव्होल्टच्या आत. मूळचे एसटीके, चाळिशी उलटलेले, काहीही न कुरकुरता.

संध्याकाळी स्पीकर जोडले.

१० फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर ऐकल्यावर एक खटकलं. फोनवरून लावलं की आवाज मोकळा, एफएमवर थोडा दबलेला, वरची धार बोथट. १०१ मेगाहर्ट्झवर विविध भारती स्वच्छ लागते, स्टिरिओचा दिवा पेटतो, तरी निवेदिकेचा "स" गुळगुळीत.

कारण बिघाड नाही, प्रदेश आहे. एफएमवर पाठवताना उंच सूर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि घेणारा सेट तेवढेच खाली आणतो, त्याने खरखर कमी होते. किती वाढवायचे ह्याची मोजपट्टी अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, भारतात आणि युरोपात ५०. सेट ७५चा असेल तर तो आपल्या स्टेशनचे उंच सूर गरजेपेक्षा जास्त खाली दाबतो. डिकोडरच्या पुढच्या रेझिस्टर आणि कॅपॅसिटरचा गुणाकार केला. ७५च. दोन्ही चॅनलचे कॅपॅसिटर दोन-तृतीयांश क्षमतेचे लावले. फिल्मचे, काही रुपयांचे. निवेदिकेला दात आले.

आयएफच्या (ट्यूनरच्या मधल्या टप्प्याच्या) कॉइलना हात लावलेला नाही. त्यांच्या रंगीत फेराइटच्या स्क्रूंकडे बघून हात शिवशिवतात हे खरं, पण स्वीप जनरेटरशिवाय ते फिरवणं म्हणजे चांगला ट्यूनर बिघडवणं. कारखान्याने लावलेलं मेण तसंच आहे.

डायलची दोरी घसरत होती. नॉब फिरे, काटा मागे राही. पुल्ली आणि दोरी आयसोप्रोपिलने पुसली, शाफ्टवर एक वेढा नीट बसवला. मिडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला पुणे केंद्र आता काट्याखाली बरोबर.

१७ फेब्रुवारी, रविवार

फोनो. टर्नटेबल जोडला, मामांकडची नाट्यगीतांची एलपी लावली. उजवा स्वच्छ. डाव्यात सतत "स्स्स" आणि मधूनच भजी तळल्यासारखा तडतडाट. रेकॉर्ड उचलली तरी चालूच, म्हणजे रेकॉर्डचा नाही. इतर कुठल्याच इनपुटवर नाही, म्हणजे फोनोच्या टप्प्यातलाच. इथे काही मिलिव्होल्टचा सिग्नल शेकडो पटींनी मोठा होतो, त्यामुळे एका ट्रान्झिस्टरची कुरकुर खोलीभर ऐकू येते.

फ्रीझ स्प्रेची बारीक नळी एकेका ट्रान्झिस्टरवर. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर फवारताच तडतड थांबली, आणि तो पुन्हा गरम होताच परत सुरू. पाय अर्थातच काळे. बदलला. मग त्याचा उजवीकडचा जोडीदारही बदलला, कारण तोही त्याच डब्यातून आलेला, आणि बोर्ड एकदाच काढायचा होता.

फोनोतले छोटे इलेक्ट्रोलायटिकही ह्याच बैठकीत. सिग्नलच्या वाटेवरचे जिथे मावले तिथे फिल्मचे टाकले. ह्याने आवाज "उघडला" वगैरे मी म्हणणार नाही. मला फरक ऐकू आला नाही. पण चाळीस वर्षांनी पुन्हा उघडायला लागू नये.

३ मार्च, रविवार

दोन आठवडे रोज संध्याकाळी चालू. ऑफसेट पुन्हा मोजला: डावा ११, उजवा १६. रिले रोज चार सेकंदांनी. पॉवर मीटर बघताना कळतं की घरात ऐकायला एक-दोन वॉटच पुरतात. सुई डाव्या टोकाजवळच थरथरत असते आणि शेजारी तक्रार करतात.

सामानाचा खर्च, मुंबईचं तिकीट धरून, दोन हजारांच्या थोडा वर. ज्या एका ट्रान्झिस्टरने सेट बंद पाडला त्याच्या नव्या जोडीची किंमत चहाच्या एका कटिंगएवढी.

कोंढव्याच्या नातवाला रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्याचा फोन आला, "ताई, आजी विचारतेय, विकणार का परत?" विकणार नाही म्हटलं. आजींना घेऊन ऐकायला या म्हटलं. पुढच्या रविवारी येतायत.

उरलेली कामं: उजव्या मीटरचा दिवा अजून मिळालेला नाही, लॅमिंग्टन रोडवर सांगून ठेवलाय. रेग्युलेटर बोर्डवरचे बाकीचे कॅपॅसिटर दिवाळीआधी. खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात लाकडाचा पापुद्रा सुटलाय, त्याला फेविकॉल लावून वर पाटा ठेवलाय.